ग्रंथ टेबलावर असेपर्यंत

बाइंडिंगच्या त्या दुकानात भांडायला बंदी नव्हती. असती तर दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं. दोन सख्खे भाऊ, एक लांब टेबल आणि दोघांत मिळून एकच चांगली कात्री, म्हणजे भांडण होणारच. नियम एवढाच होता की टेबलावर एखादा धर्मग्रंथ उसवून ठेवलेला असेल, तर तो शिवून, पुठ्ठ्यात बसवून मालकाच्या हाती जाईपर्यंत दुकानात कुणी आवाज चढवायचा नाही, कुरबुर करायची नाही, जुनं काही उकरून काढायचं नाही. मग ग्रंथ कुठल्याही धर्माचा असो.

नियम भावांच्या वडिलांचा, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या सासऱ्यांचा. त्यांच्या उमेदीच्या काळात दोन कारागिरांची जुंपली आणि चिकटवायच्या खळीचं पातेलं कुणाच्या तरी पवित्र पानांवर उलटलं. सासरे स्वतः त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या माणसानं चहा पाजून त्यांना परत पाठवलं, पण सासऱ्यांनी काही स्वतःला माफ केलं नाही. "देव कुणाचा का असेना, टेबलावर आहे तोवर पाहुणा आपला," असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. पाहुण्यासमोर घरची भांडणं काढत नाहीत, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

सासरे गेले, नियम राहिला. थोरल्या भावाला सगळी गल्ली दादा म्हणे. धाकट्याला गल्लीनं भाऊजी करून टाकलं होतं, कारण वहिनी त्याला तशी हाक मारत. पोस्टमनसुद्धा काही नातं नसताना "भाऊजी, सही करा" म्हणे. आणि वहिनी या अर्थातच सगळ्यांच्या वहिनी. दादा पानांचे फर्मे शिवत, भाऊजी पुठ्ठे चढवत आणि वहिनी खळ शिजवत, गिऱ्हाईक सांभाळत, शिवाय दोघांची डोकी थंड ठेवत. या शेवटच्या कामाचा पगार कुणी देत नाही, पण दुकान चालतं ते त्याच्यावरच.

भांडण मशीनवरून होतं. ते जुनंच होतं. भाऊजींचं म्हणणं, शिवायचं मशीन घेऊ, आठवड्याचं काम दिवसात होईल. दादांचं म्हणणं, मशीन शिवत नाही, नुसती भोकं पाडतं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या आठवड्यात विषय निघाला नाही तर वहिनींनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण त्या महिन्यात भाऊजींनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "दादा, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्यातून बोलावणं आलंय मला. सगळं बाइंडिंग खातं बघायचं. महिनाअखेर संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

दादांचे कान लाल झाले. त्यांनी सुई गादीत खोचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड उघडलं. नवऱ्याला वहिनी चांगल्याच ओळखून होत्या. आता हे "जा!" म्हणणार. आणि दिरालाही ओळखून होत्या. तो जाणार. एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा असतो, हे या घराण्यात कुणाला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात पाद्रीबाबा उभे राहिले. हातात ओलं, फुगून कोबीसारखं झालेलं बायबल.

"बादलीत पडलं," ते कानकोंडे होऊन म्हणाले. "न्हाणीघरात वाचत होतो, हे मात्र कुणाला सांगू नका."

दादांनी उघडलेलं तोंड मिटलं. हात धुतले, पुसले, दोन्ही हातांनी बायबल घेतलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. भाऊजींनी कात्री उचलली. दुकान एकदम शहाण्यासारखं वागू लागलं. वहिनी खळीच्या पातेल्याशी उभ्या होत्या, त्यांनी मनातल्या मनात पाद्रीबाबांना नमस्कार केला, त्यांच्या देवालाही केला आणि ठरवून टाकलं की महिनाअखेरची संध्याकाळ उलटेपर्यंत हे टेबल रिकामं ठेवायचं नाही.

त्यांचा हिशेब सरळ होता. ग्रंथ असेपर्यंत भांडण नाही. भांडण नाही तर दादा "जा" म्हणणार नाहीत. मुदत टळेल, छापखाना दुसरा माणूस बघेल आणि भाऊजी राहतील. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊजी हाफ पँटीत होते आणि शर्टाची बटणं वर-खाली लावून शाळेत जात. ती बटणं नीट लावून देता देता वहिनींचा जीव त्यांच्यात गुंतला तो गुंतलाच. भाऊजींशिवाय ते घर त्यांना डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाऊ नसताना दादा किती दिवस धड राहतील, याचा विचारही करवत नव्हता.

मग काय, वहिनींनी मोहीमच उघडली. बायबल वाळायला वेळ लागणारच होता, पण तो आणखी लागावा म्हणून त्यांनी खळ पातळ केली. बायबल शिवून होण्याआधी चौकातल्या शिंप्याकडचं कुराण आलं. ते निघण्याआधी वाण्याच्या आजीची गीता. वहिनी रस्त्यात भेटेल त्याला विचारू लागल्या, "तुमच्या घरी एखादा ग्रंथ फाटला नाही का हो?" लोकांना वाटलं, वहिनी एकदम धार्मिक झाल्या. वयाच्या मानानं जरा लवकरच, पण चांगलं आहे.

इतके ग्रंथ हाताखालून गेल्यावर वहिनींना त्यांची तब्येत कळू लागली. गीता बहुधा पहिल्या दोन अध्यायांत मळलेली असे, पुढची पानं कोरी करकरीत. युद्धाला उभं राहायचं ठरलं की बहुतेकांचं समाधान होत असावं. बायबलात स्तोत्रांची पानं बोटं लागून मऊ झालेली, आणि अमक्याचा मुलगा तमका अशी लांबलचक वंशावळ जिथे असते तिथे पानं एकमेकांना चिकटलेली. कुराण शेवटाकडून झिजलेलं, कारण लहान सुरा तिथे आणि पोरं शिकायला लागतात ती तिथूनच. "देवानं सगळीकडे सारखंच लिहिलं असेल," वहिनी पानं पुसता पुसता म्हणत, "माणसं मात्र आपल्याला सोयीचं तेवढंच वाचतात." दादा यावर हसले असते. पण दादा हल्ली हसत नव्हते.

ही गोष्ट वहिनींच्या हिशेबात नव्हती. भांडण बंद झालं, पण त्याच्या जागी जे आलं ते काही बरं नव्हतं. दोघं भाऊ भयंकर सभ्य झाले.

"जरा सुतळी मिळेल का?" दादा विचारत.

"घ्या ना," भाऊजी म्हणत.

"आपल्याला लागत असेल तर राहू दे."

"नाही नाही, आपणच घ्या."

आपण! जन्मभर ज्याला "अरे गाढवा" म्हटलं त्याला दादा आपण म्हणू लागले, तेव्हा वहिनींच्या अंगावर काटा आला. जेवताना दोघं मूग गिळून बसत. पूर्वी मीठ कमी पडलं तरी त्यावरून मशीनपर्यंत पोचत असत. आता मीठ नसलं तरी "छान झालंय" म्हणून उठत. रात्री वहिनींनी एकदा दादांना विचारलं, "अहो, तुमच्या मनात आहे तरी काय?" दादांनी टेबलाच्या दिशेनं मान हलवली, जणू पाहुणा घरापर्यंत ऐकत होता, आणि कूस बदलली. भाऊजींना विचारलं, तर ते म्हणाले, "दादानं काही म्हटलंय का माझ्या जाण्याबद्दल?" वहिनी म्हणाल्या, "नाही बाई, एका शब्दानं नाही." आणि हे आपण आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं, असं त्यांना वाटलं. भाऊजींचा चेहरा का उतरला ते काही त्यांना कळलं नाही. दुसऱ्याची डोकी सांभाळणाऱ्या माणसाला कधी कधी आपलं डोकं वापरायला सवड मिळत नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. टेबलावर टॅक्सीवाल्याची गीता होती आणि ती संध्याकाळी सावकाश न्यायची असं वहिनींनी त्याला दहा वेळा बजावलं होतं. तो अकरालाच हजर झाला. म्हणाला, "आईनं जीव खाल्ला. गीता नाही तर जेवण नाही म्हणते." वहिनींनी खळ ओली आहे म्हणून पाहिलं, पुठ्ठा दाबाखाली हवा म्हणून पाहिलं. दादा मात्र कधी नव्हे ते झटकन उठले, गीता कागदात गुंडाळली आणि टॅक्सीवाल्याच्या हातात देऊन त्याला जवळजवळ बाहेरच काढलं.

टेबल रिकामं झालं. दोन्ही टोकांना दोन भाऊ बसले होते आणि मधे नुसतं लाकूड.

"मी आलेच," म्हणत वहिनींनी चपला चढवल्या.

पहिल्यांदा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात सोनेरी कडांचा ग्रंथ होता, पण कपाटाची किल्ली हरवून बरीच वर्षं झाली होती. "बाहेरून पुसतो आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या यहुदी घड्याळजीनं डोळ्याचं भिंग काढून समजावलं, "आमचा ग्रंथ गुंडाळीचा असतो, वहिनी. हातानं लिहिलेला. उसवला तर आमचाच माणूस शिवतो, तुमचं टेबल त्याला चालायचं नाही. घड्याळ बिघडलंय का एखादं?" मोबाइलच्या दुकानातला बौद्ध तरुण उत्साहानं म्हणाला, "माझ्याकडे सगळं त्रिपिटक आहे!" आणि त्यानं फोन काढून दाखवला. काच तडकलेली होती. "ही बांधून मिळेल का?" निवृत्त प्राध्यापकांकडे तर सगळ्या धर्मांचे ग्रंथ एका रांगेत होते, प्रत्येकावर प्लास्टिकचं वेष्टण शाबूत. "तुलनात्मक अभ्यास करायचा आहे मला," ते म्हणाले. कधीपासून, हे वहिनींनी विचारलं नाही. एखादा जरा ओढूनताणून फाडता येईल का, हा विचार मात्र त्यांच्या मनात डोकावला आणि त्यांनी मनातल्या मनात सगळ्या रांगेची क्षमा मागितली.

शेवटी त्या निवृत्त नर्सबाईंच्या जिन्यावर धापा टाकत पोचल्या. नर्सबाई खिडकीशी कुराण वाचत बसल्या होत्या. ग्रंथाची दशा बघून वहिनींचा जीव हरखला. कणा निखळलेला, शिवण गेलेली, पानं नुसती एकमेकांच्या आधारानं उभी. रोज वाचलं की ग्रंथाचं असं होतं.

"द्या मला. आत्ता. फुकट बांधून देते."

"आणि संध्याकाळी मी काय वाचू?" नर्सबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुमच्या दारावरून जाते, कधी हाक मारली नाहीत. आज काय झालं?"

वहिनींना खोटं बोलवेना. त्यांनी सगळं सांगितलं, बादलीतल्या बायबलापासून आपण-आपणपर्यंत. नर्सबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ग्रंथांना तुम्ही पहारेकरी म्हणून बसवलंत!"

"हसा तुम्ही. माझं घर मोडायला बसलंय."

नर्सबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी कुराण स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि वहिनींच्या दोन्ही हातांवर ठेवलं. "उद्या संध्याकाळी परत हवं," एवढंच म्हणाल्या.

वहिनी छातीशी ग्रंथ धरून गल्लीत वळल्या, आणि चार दुकानं अलीकडूनच त्यांना दादांचा आवाज ऐकू आला. इतक्या दिवसांत साचलेला सगळा आवाज एकदम सुटला होता. शिंपी दारात येऊन उभा होता. वाण्यानं तराजू खाली ठेवला होता. वहिनी पळत सुटल्या. एक पाऊल आत टाकायचं, ग्रंथ टेबलावर ठेवायचा, की दोघं गप्प. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांनी कोपरानं ते ढकललंच होतं, तेवढ्यात भाऊजी ओरडले:

"हो, दिला होकार! काल दिला! तू तोंडातून अवाक्षर काढलंस का? मला वाटलं, गेलेलाच बरा वाटतोय तुला!"

वहिनींचा हात दारावरच राहिला. काल! काल टेबलावर गीता होती, परवा कुराण होतं, आणि त्या खळ पातळ करत होत्या.

"कधी काढू?" दादा त्याहून मोठ्यानं ओरडले. "रोज टेबलावर कुणी ना कुणी! एक जातो तो दुसरा येतो! जगातल्या सगळ्या धर्मांना याच महिन्यात फाटायचं होतं!"

"मग नुसतं 'जाऊ नकोस' म्हणायचंस! त्याला कुठे आवाज चढवावा लागतो?"

"मला लागतो!" दादांनी टेबलावर हात आपटला, कात्री खणकन खाली पडली. "तुला भांडल्याशिवाय काही सांगितलंय का मी आजपर्यंत? शाळेत जा, हे भांडून सांगितलं. बाबा गेले, हे सांगतानासुद्धा तुझ्यावर ओरडलोच होतो मी, आठवतंय? 'जाऊ नकोस' हे भांडल्याशिवाय कसं म्हणतात, ते मला येत नाही रे, गाढवा!"

बाहेर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना स्वतःची अशी काही लाज वाटली की पायच उचलेना. आपण घर वाचवायला धावत होतो आणि घर वाचवणारा एकमेव माणूस आपणच टेबलाशी तोंड बांधून बसवला होता. देवांचा काही दोष नव्हता. ते बिचारे बांधून घ्यायला आले होते.

मग भाऊजींचा आवाज आला, फुटलेला. "मग भांड ना. तीन आठवडे वाट बघतोय."

दादा वळले, आणि त्यांना दारात वहिनी दिसल्या. वहिनींच्या हातातलं कापडात गुंडाळलेलं दिसलं. असलं गुंडाळलेलं काय असतं, हे त्यांना तीन आठवड्यांत पाठ झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती उमटली.

"आत आणू नकोस!"

"वहिनी, थांबा जरा बाहेर," भाऊजीही त्याच दमात म्हणाले. त्या महिन्यात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. "अर्धा तास तरी. आमचं व्हायचंय अजून."

वहिनींनी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसल्या. ग्रंथ मांडीवर, त्यावर दोन्ही हात. आत मशीन निघालं, मग हाफ पँट निघाली, मग एकाच चांगल्या कात्रीवरून दोघांनी एकमेकांचा उद्धार केला. पाद्रीबाबा सायकल थांबवून काळजीनं म्हणाले, "वहिनी, आत काय चाललंय?"

"काम चालू आहे," वहिनी नाक ओढत म्हणाल्या. "तुम्ही जा. आणि आता न्हाणीघरात वाचू नका."

बऱ्याच वेळानं आतला आवाज उतरला. भाऊजी फोनवर बोलताना ऐकू आले, अवघडलेले, हळू. "हो, साहेब, मीच बोलतोय... काल होकार दिला होता खरा. पण घरी तेव्हा बोलणं झालं नव्हतं... हो, आता झालं. फार झालं. नाही जमणार, साहेब. माफ करा."

"जुनं मशीन विकतात का विचार त्यांना!" मागून दादांची आरोळी आली. "फुकटात माणूस सोडू नकोस त्यांना! मशीनचं विचार!"

"दादा, हळू बोल, त्यांना ऐकू जातंय!"

"का हळू? टेबल रिकामं आहे आपलं!"

वहिनींनी कापडावरची धूळ झटकली, पदर त्यावरून ओढून घेतला, आणि आतून चुकूनही कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून एक पायरी खाली सरकल्या.